त्रिकोण सोडवताना आधी काय मोजायचे?

वसईच्या पट्ट्यात जमीन मोजणे हे कधीच सोपे काम नव्हते. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. मधल्या पट्टीत वाड्या, मिठागरे, तळी, कोळीवाडे आणि आता इमारतींच्या रांगा. इथे दोन ठिकाणांमधले अंतर हवे असेल, तर सरळ चालत जाऊन मोजता येईल याची खात्री नसते. मध्ये पाणी येते, चिखल येतो, कुंपण येते. जिथे पाय पोहोचत नाही तिथले अंतर काढण्यासाठी माणसाने जे साधन वापरले, ते म्हणजे त्रिकोण.

त्रिकोणाला सहा मापे असतात: तीन बाजू आणि तीन कोन. त्यांपैकी योग्य तीन माहीत असली की उरलेली तीन हिशेबाने काढता येतात. यालाच त्रिकोण सोडवणे म्हणतात. बारावी विज्ञानाच्या गणितात त्रिकोणमितीय फलांच्या प्रकरणात हा विषय येतो. साइनचा नियम, कोसाइनचा नियम, प्रक्षेपाचा नियम, अर्धकोनाची सूत्रे, हेरॉनचे सूत्र, नेपियरची सूत्रे अशी ओळीने यादी येते, मुले ती पाठ करतात आणि सीईटीत वापरतात. पण एकाच कामासाठी इतकी सूत्रे का, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

या लेखात त्याच प्रश्नाचा आढावा घेतला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक सूत्र कुठल्या ना कुठल्या मोजमापाच्या साधनाशी बांधलेले आहे. हातात साखळी होती तेव्हा बाजूंची सूत्रे कामाची होती. दुर्बिणीचा कोनमापक आला तेव्हा साइनचा नियम पुढे आला. हातांनी आकडेमोड करावी लागे तेव्हा नेपियरची गरज पडली. आज उपग्रह अंतरे देतात आणि आपण पुन्हा बाजूंकडे वळलो आहोत. त्रिकोण सोडवण्यातला खरा निर्णय काय मोजायचे हा असतो. सूत्र त्या निर्णयामागून येते.

कोणती तीन मापे पुरतात?

याचे उत्तर मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, फक्त ते वेगळ्या नावाने ठाऊक असते. बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा या एकरूपतेच्या कसोट्या सांगतात की अमुक तीन मापे जुळली तर दोन त्रिकोण एकरूप असतात. याचाच दुसरा अर्थ असा की त्या तीन मापांवरून त्रिकोण पक्का ठरतो, दुसरा त्रिकोण संभवतच नाही. म्हणजे कसोटी त्रिकोण एकच आहे अशी हमी देते, आणि बारावीचा नियम तो नेमका किती मोठा आहे ते काढून देतो. ही दोन प्रकरणे एकाच विषयाची दोन टोके आहेत, पण मधल्या वर्षांत त्यांचा धागा तुटतो.

तीन कोन दिले तर त्रिकोणाचा आकार कळतो, आकारमान कळत नाही. तो समरूपतेचा विषय. म्हणून किमान एक तरी लांबी प्रत्यक्ष मोजावीच लागते. सर्वेक्षणाच्या सगळ्या इतिहासात ही एक लांबी सर्वांत जपून मोजली गेली आहे.

साखळीचा काळ: बाजूंवरून त्रिकोण

महाराष्ट्रात जमिनीच्या मोजणीची जुनी रीत शंकू-साखळीची. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायाची रेषा धरायची, शंकूच्या साहाय्याने बांधाच्या प्रत्येक वळणापासून त्या रेषेवर लंब काढायचा, पायावरचे अंतर आणि लंबाची लांबी टिपणात लिहायची. शेत कितीही वेडेवाकडे असो, कागदावर त्याचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन होतात. भूमी अभिलेख कार्यालयात आजही जुनी टिपणे हद्दीच्या वादात काढून पाहिली जातात.

या पद्धतीत कोन मोजलाच जात नाही. शंकू फक्त काटकोन देतो, बाकी सगळ्या लांब्या. आणि लांब्यांवरून त्रिकोण सोडवण्याचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४चा, सिद्धांतशिरोमणी ११५०चा. त्यातल्या लीलावतीच्या क्षेत्रव्यवहारात तीन बाजूंवरून लंब आणि क्षेत्रफळ काढण्याची रीत आहे. भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे, त्यामुळे हे नाव महाराष्ट्राला परके नाही.

रीत अशी. त्रिकोणाची एक बाजू भूमी मानायची. उरलेल्या दोन बाजूंची बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार करून त्याला भूमीने भागायचे. येणारी संख्या भूमीतून वजा करून निम्मे केले की एक आबाधा, आणि भूमीत मिळवून निम्मे केले की दुसरी आबाधा. आबाधा म्हणजे शिरोबिंदूतून टाकलेल्या लंबाने भूमीचे केलेले दोन तुकडे.

लीलावतीतले उदाहरण घेऊ: भूमी १४, भुजा १३ आणि १५. बेरीज २८, वजाबाकी २, गुणाकार ५६, त्याला १४ने भागले की ४. म्हणजे आबाधा ५ आणि ९. लंबाचा वर्ग १६९ वजा २५, म्हणजे १४४, तेव्हा लंब १२. क्षेत्रफळ १४ गुणिले १२ भागिले २, म्हणजे ८४. आता हीच मापे साखळ्यांमध्ये आहेत असे समजा. १३, १४ आणि १५ साखळ्यांच्या त्रिकोणी शेताचे क्षेत्रफळ ८४ गुंठे, म्हणजे २ एकर ४ गुंठे. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा, त्यामुळे हिशेबात एकही रूपांतर लागत नाही.

लगेच पुढे भास्कराचार्य दुसरे उदाहरण देतात, आणि ते अधिक खोल आहे. भूमी ९, भुजा १० आणि १७. बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९, भागिले ९ म्हणजे २१. भूमी ९, तिच्यातून २१ वजा करायचे! उत्तर उणे १२, त्याचे निम्मे उणे ६. दुसरी आबाधा १५. भास्कराचार्य उणे आबाधा नाकारत नाहीत. तिचा अर्थ ते सांगतात: ती विरुद्ध दिशेला आहे. म्हणजे लंब भूमीच्या आत न पडता बाहेर पडतो, त्रिकोण विशालकोनी आहे. लंब १०० वजा ३६च्या वर्गमुळाइतका, म्हणजे ८. क्षेत्रफळ ३६.

आता कोसाइनचा नियम पाहू. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, वजा त्या दोन बाजू आणि मधल्या कोनाची कोसाइन यांच्या गुणाकाराची दुप्पट, बरोबर तिसऱ्या बाजूचा वर्ग. भुजा गुणिले कोसाइन म्हणजेच आबाधा. पहिल्या त्रिकोणात १६९ अधिक १९६ वजा २ गुणिले १४ गुणिले ५, म्हणजे २२५, १५चा वर्ग. दुसऱ्यात १०० अधिक ८१ वजा २ गुणिले ९ गुणिले उणे ६, म्हणजे १८१ अधिक १०८, २८९, १७चा वर्ग. कोसाइनचा नियम हा आबाधेच्या भाषेत लीलावतीत आहेच, आणि युक्लिडच्या दुसऱ्या ग्रंथातही भूमितीच्या भाषेत आहे. पंधराव्या शतकात समरकंदला काम करणाऱ्या अल्-काशीने त्याला त्रिकोणमितीचे रूप दिले. फ्रान्समध्ये हा नियम त्याच्याच नावाने शिकवतात.

आपल्या दहावीच्या भूमितीतही पायथागोरसच्या प्रकरणात लघुकोन आणि विशालकोन त्रिकोणांची दोन प्रमेये आहेत. एकात वजा, दुसऱ्यात अधिक. तीच ही गोष्ट. दोन वर्षांनी कोसाइनचा नियम शिकवताना शिक्षकांनी एवढेच दाखवले की ती दोन प्रमेये आता एकाच ओळीत आली, कारण विशालकोनाची कोसाइन उणे असते, तर नवे सूत्र पाठ करण्याचे ओझे निम्मे होते.

दुर्बिणीचा काळ: कोनांवरून त्रिकोण

साखळी शेतात चालते, खाडीत चालत नाही. पलीकडच्या तीरावरच्या झाडापर्यंतचे अंतर काढायचे तर तिकडे नजर पोहोचते, साखळी नाही. नजर ज्या गोष्टीचे माप देते तो कोन. इथे साइनचा नियम लागतो: कुठल्याही बाजूला तिच्या समोरच्या कोनाच्या साइनने भागले की एकच संख्या येते. ती संख्या म्हणजे त्रिकोणाच्या परिवर्तुळाचा व्यास.

हे बीजही जुनेच आहे. इ. स. ६२८च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात ब्रह्मगुप्ताने सांगितले की दोन भुजांच्या गुणाकाराला लंबाच्या दुपटीने भागले की परिवर्तुळाची त्रिज्या मिळते. त्याचा शब्द हृदयरज्जू. लंबाच्या जागी भुजा गुणिले साइन लिहिले की साइनचा नियम समोर येतो. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसीने हा नियम सपाट त्रिकोणांसाठी सिद्धतेसह मांडला.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, वसई खाडीच्या एखाद्या फाट्याची रुंदी काढायची आहे. अलीकडच्या काठावर ४०० मीटरची सरळ रेषा आखली. तिच्या एका टोकावरून पलीकडच्या तीरावरची खूण ७२ अंशांवर दिसली, दुसऱ्या टोकावरून ६५ अंशांवर. तिसरा कोन ४३ अंश. पहिल्या टोकापासून खुणेचे अंतर ४०० गुणिले ६५ अंशांची साइन भागिले ४३ अंशांची साइन, म्हणजे सुमारे ५३२ मीटर. त्याला ७२ अंशांच्या साइनने गुणले की फाट्याची रुंदी सुमारे ५०६ मीटर. पाण्यात पाय न घालता.

आता कोन मोजताना अर्ध्या अंशाची चूक झाली आणि ७२च्या जागी साडेबहात्तर लिहिले असे समजा. रुंदी सुमारे ५१२ मीटर येते. चूक सहा मीटरची. पण काठावर जागा नाही म्हणून कुणी ४०० मीटरऐवजी ४० मीटरच्याच रेषेवर काम भागवले, तर? मग खुणेपाशी होणारा कोन जेमतेम साडेचार अंशांचा राहतो, आणि तीच अर्ध्या अंशाची चूक रुंदी ५६९ मीटर दाखवते. चूक साठ मीटरांच्या पुढे गेली. सूत्र तेच, आकडेमोड बिनचूक, तरी उत्तर बिघडले, कारण त्रिकोण फार निमुळता होता. म्हणून मोजणीदारांचा दंडक असतो की त्रिकोणाचा कोणताही कोन ३० अंशांपेक्षा लहान किंवा १२० अंशांपेक्षा मोठा नसावा. पाठ्यपुस्तकात कोन नेहमी अचूक दिलेले असतात, त्यामुळे हा दंडक मुलांच्या कानावर पडत नाही. प्रत्यक्षात सगळी भिस्त त्याच्यावरच असते.

साइनच्या नियमावर उभे राहिलेले सर्वांत मोठे काम म्हणजे भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात सुमारे साडेसात मैलांची पायाभूत रेषा मोजायला घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि मराठी राज्याचे दरवाजे इंग्रजांना उघडले गेले. मुलूख ताब्यात घेणे आणि मुलूख मोजणे ही दोन कामे ईस्ट इंडिया कंपनीने बरोबरीने चालवली.

पद्धत अशी की एक रेषा अतिशय काळजीने मोजायची, मग पुढे फक्त कोन. एका त्रिकोणाची काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, आणि साइनचा नियम एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर लांबी वाहून नेतो. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा थिओडोलाइट माणसांनी डोंगरमाथ्यांवर चढवला. ते काम चालू असतानाच १८२३ साली लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने आणि नंतर अँड्र्यू वॉने हे काम हिमालयापर्यंत नेले. राधानाथ सिकदार यांच्यासारख्या गणितज्ञांनी केलेल्या आकडेमोडीतून १५ क्रमांकाच्या शिखराची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची २९,००२ फूट निघाली आणि १८५६ साली ती जाहीर झाली. त्या शिखराच्या पायथ्याशीही कुणी सर्वेक्षक पोहोचला नव्हता.

हाताने आकडेमोड करण्याचा काळ

दोन बाजू आणि मधला कोन दिला असेल तर कोसाइनचा नियम लगेच तिसरी बाजू देतो. मग बारावीत त्याच प्रश्नासाठी नेपियरची सूत्रे कशाला? याचे उत्तर गणितात नाही, साधनात आहे. १६१४ साली जॉन नेपियरने लॉगॅरिदम प्रसिद्ध केले. लॉगॅरिदमने गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी. पण बेरजेचे लॉगॅरिदम सोपे होत नाही, आणि कोसाइनच्या नियमात वर्गांची बेरीज-वजाबाकी आहे. म्हणजे कोष्टकाचे पुस्तक हातात असूनही तो नियम कामाचा नव्हता. नेपियरच्या आणि अर्धकोनाच्या सूत्रांत मुख्य काम गुणाकार-भागाकाराचे, म्हणून ती सर्वेक्षकाच्या रोजच्या वापरातली.

एक तळे मध्ये आहे आणि त्याच्या दोन टोकांमधले अंतर हवे आहे असे समजू. एका बाजूच्या जागेवरून दोन्ही टोके १५० आणि १२० मीटरवर, मधला कोन ६० अंश. कोसाइनच्या नियमाने २२,५०० अधिक १४,४०० वजा १८,०००, म्हणजे १८,९०० आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १३७.५ मीटर. नेपियरच्या वाटेने गेलो तर बाजूंची वजाबाकी ३० भागिले बेरीज २७०, गुणिले ३० अंशांची कोट्, म्हणजे सुमारे ०.१९२५. हा १०.८९ अंशांचा टॅन. उरलेल्या दोन कोनांची बेरीज १२०, तेव्हा ते कोन ७०.८९ आणि ४९.११ अंशांचे. मग साइनच्या नियमाने तिसरी बाजू काढली की पुन्हा १३७.५ मीटर. वाट लांबची, पण प्रत्येक पाऊल कोष्टकात बसणारे.

दुसरे कारणही आहे. अर्ध्या अंशाची कोसाइन चार दशांश स्थळांपर्यंत १ येते आणि शून्य अंशाचीही १ येते. लहान कोन कोसाइनवरून ओळखताच येत नाही. अर्धकोनाच्या साइनचे सूत्र तिथे नीट चालते. हे कारण संगणकाच्या काळातही तितकेच खरे आहे.

मुंबई इलाख्यात त्रिकोणांची साखळी नेणाऱ्या सर्वेक्षकांपैकी रॉबर्ट शॉर्ट्रेडने १८४४ साली लॉगॅरिदमची मोठी कोष्टके स्वतः प्रसिद्ध केली. डोंगरावर कोन मोजणाऱ्या माणसानेच कोष्टके छापावीत, यावरून आकडेमोड हा त्या कामाचा केवढा भाग होता हे कळते.

दोन उत्तरांचा पेच

दोन बाजू आणि त्यांच्या मधला नसलेला कोन दिला तर? शाळेत या त्रयीची कसोटी नाही, आणि ती का नाही हे समजणे महत्त्वाचे आहे. समजा, किनाऱ्यावर दोन ठिकाणे ८ किलोमीटरवर आहेत. पहिल्या ठिकाणाहून एक होडी त्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या रेषेशी ३० अंशांवर दिसते. दुसऱ्या ठिकाणापासून ती ५ किलोमीटरवर असल्याचे कळले आहे. होडीपाशी होणाऱ्या कोनाची साइन ८ गुणिले अर्धा भागिले ५, म्हणजे ०.८. गणकयंत्र ५३.१३ अंश दाखवते आणि मूल तेवढ्यावर थांबते. पण १२६.८७ अंशांची साइनही ०.८ आहे. पहिल्या उत्तराने होडी पहिल्या ठिकाणापासून ९.९३ किलोमीटरवर येते, दुसऱ्याने ३.९३ किलोमीटरवर. सहा किलोमीटरचा फरक, आणि दोन्ही उत्तरे दिलेल्या मापांशी पूर्ण जुळतात.

साइन लघुकोन आणि विशालकोन यांत भेद करत नाही, कोसाइन करते. भास्कराचार्यांच्या ९, १० आणि १७च्या त्रिकोणातही भूमी आणि १०ची भुजा यांमधला कोन १२६.८७ अंशांचाच आहे. तिथे उणे आबाधेने तो विशालकोन असल्याचे आपण होऊन सांगितले. कोन काढायचा असेल आणि बाजू माहीत असतील, तर साइनपेक्षा कोसाइनचा आधार घ्यावा, हा नियम यातून निघतो. दिलेला कोन काटकोन असेल तर हा पेच सुटतो, म्हणूनच शाळेत कर्णभुजा कसोटी आहे.

पृथ्वीचा गोलवा

हे सगळे नियम सपाट कागदाचे. पृथ्वीच्या पाठीवरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित जास्त भरते. दर सुमारे १९७ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाला ही वाढ एका सेकंदाची, म्हणजे अंशाच्या ३,६००व्या भागाची. वसईचा किल्ला, अर्नाळ्याचा किल्ला आणि तुंगारेश्वरचा डोंगर असा त्रिकोण घेतला तर वाढ एका सेकंदाहूनही कमी येईल. महानगरपालिकेच्या हद्दीत काम करणाऱ्याने तिची फिकीर करायचे कारण नाही. शेकडो किलोमीटरची साखळी नेणाऱ्या एव्हरेस्टला मात्र प्रत्येक त्रिकोणात ती धरावी लागली. कुठली चूक मोजायची आणि कुठली सोडायची, हेही त्रिकोण सोडवण्याचे अंग आहे.

पुन्हा बाजूंकडे

आज मोजणीदार इटीएस यंत्र घेऊन येतो. ते एकाच जागेवरून कोन मोजते आणि प्रकाशाच्या किरणाने अंतरही. दोन हद्दींचे दगड दोन दिशांना, मध्ये घर किंवा विहीर, तरी यंत्र त्या दोन दगडांमधले अंतर सांगते. यंत्राने दोन बाजू आणि मधला कोन घेतला, बाकोबा, आणि तिसरी बाजू काढली. कोसाइनचा नियम खटक्यासरशी.

उपग्रहावर चालणारे रोव्हर आले तेव्हा कोन मोजणेच सुटले. उपग्रहाचा संदेश किती वेळात पोहोचला यावरून अंतर निघते, आणि अनेक अंतरांवरून जागा ठरते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे दोन जागा देतात, त्यांतली एक पृथ्वीपासून दूर असल्याने बाद होते. यंत्राचे घड्याळ साधे असल्याने चौथा उपग्रहही लागतो, कारण एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. हे बाबाबाचेच मोठे रूप आहे. शंकू-साखळीच्या काळातही लांब्याच मोजायच्या, आजही लांब्याच. मधली दोनशे वर्षे कोनांची होती.

वसई-विरारसाठी हा नुसता इतिहास नाही. ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. वाड्यांचे गुंठे पडले, गुंठ्यांवर इमारती आल्या. एका वाडीच्या चार वाटण्या होतात तेव्हा जुने टिपण, नवी क प्रत (मोजणीचा नकाशा) आणि रोव्हरची मापे एकमेकांवर बसवावी लागतात. साखळीने मोजलेली हद्द आणि उपग्रहाने मोजलेली हद्द जेव्हा हातभर सरकते, तेव्हा कोणत्या मापावर किती भरवसा ठेवायचा हे समजणाऱ्या माणसाची गरज पडते. आज बारावीत असलेली मुलेच उद्या ती माणसे होणार आहेत.

वर्गात काय बदलावे

पहिली गोष्ट, सूत्राआधी त्रयी. उदाहरण हाती आले की काय दिले आहे ते बाबाबा, बाकोबा अशा ओळखीच्या नावाने लिहायचे. बाबाबा किंवा बाकोबा असेल तर कोसाइन, दोन कोन असतील तर साइन, आणि मधला नसलेला कोन असेल तर दोन उत्तरांची शक्यता तपासायची. एवढी शिस्त लागली की सूत्रांची यादी पाठ करण्याचा निम्मा त्रास जातो.

दुसरी गोष्ट, उत्तराचा ताळा. सर्वांत मोठ्या बाजूसमोर सर्वांत मोठा कोन आहे ना? कोनांची बेरीज १८० होते ना? पट्टी-कोनमापकाने प्रमाणात आकृती काढली तर उत्तर जवळपास जुळते ना? दहावीची भौमितिक रचना इथे पुन्हा उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट, एक तरी मापन वर्गाबाहेर. दहावीत उन्नत कोनाची उदाहरणे असतात. त्यांत निरीक्षक मनोऱ्याच्या दिशेने सरळ चालत जातो. विरारला जीवदानीच्या डोंगराची उंची काढायला निघालात तर रस्ते डोंगराकडे सरळ जात नाहीत. मग दोन गच्च्यांमधले अंतर मोजायचे, दोन्हीकडून डोंगराच्या माथ्याच्या दिशेचे आडवे कोन घ्यायचे, साइनच्या नियमाने माथ्याखालच्या बिंदूपर्यंतचे अंतर काढायचे, आणि शेवटी उन्नत कोनाच्या टॅनने उंची. दहावी आणि बारावी एका सकाळी एकत्र येतात. दोन गट दोन वेगवेगळे पाये घेतील, उत्तरे वेगळी येतील, आणि ती का वेगळी आली यावर चर्चा होईल. ती चर्चा हाच या प्रकरणाचा गाभा आहे. लांब पाया घेणाऱ्या गटाचे उत्तर जास्त भरवशाचे का, हे मुलांना मग सांगावे लागणार नाही.

परीक्षेतही याला जागा देता येईल. एका उदाहरणात तीन मापे आयती न देता परिस्थिती द्यावी: मध्ये खाडी आहे, या काठावर इतकी मोकळी जागा आहे, हातात टेप आणि कोनमापक आहे, पलीकडच्या दीपस्तंभापर्यंतचे अंतर काढा. काय मोजाल आणि का, हे दोन वाक्यांत लिहायचे, मग सूत्र, मग आकडेमोड. पहिला गुण त्या दोन वाक्यांना मिळावा. गणकयंत्र आणि रोव्हर उरलेले गुण आज स्वतःच मिळवू शकतात. काय मोजायचे हे ठरवण्याचा गुण अजून माणसालाच मिळवायचा आहे, आणि तो शिकवण्याची जागा बारावीचा वर्ग हीच आहे.